न सापडलेली चार माणसं

चंदना आरवाडेला बहिणीच्या दोन्ही बातम्या एकाच फोनवर कळल्या. पहिली ऐकून ती खुर्चीतून उठली आणि दुसरी ऐकून परत बसली.

पहिली बातमी अशी की सुपर्णाताईला दिवस गेले होते. लग्नाला बारा वर्षं होऊन गेली होती. मध्ये दोनदा आशा लागली, आणि दोन्ही वेळा तिसरा महिना पुरा होण्याआधीच सगळं संपलं. त्यानंतर तो विषय घरात कुणी काढत नसे. दुसरी बातमी ताईने जरा हसतच सांगितली. सांगलीतल्या तिच्या दातांच्या दवाखान्यात एका शाळामास्तरांची दाढ तपासताना छोटा आरसा तिच्या बोटांतून निसटून त्यांच्या जिभेवर पडला. चार दिवसांनी पुन्हा तसंच झालं. मग तिने आपला हात नीट पाहिला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी असतो तो मांसल उंचवटा बसून गेला होता.

"पुण्याला ये," चंदना म्हणाली. "उद्याच ये."

डॉ. पळसुले हे पुण्यातले नावाजलेले मज्जाविकारतज्ज्ञ. तपासण्या झाल्यावर त्यांनी ताईला, तिच्या नवऱ्याला आणि चंदनाला समोर बसवून घेतलं आणि काही न लपवता सांगितलं. आपला जीनोम म्हणजे नीट संपादित केलेलं पुस्तक नव्हे, ते म्हणाले. प्रथिनं घडवणारा मजकूर त्यात शंभरात जेमतेम दीडदोन. बाकीच्या पसाऱ्यात लाखो वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या पेशींत घुसलेल्या विषाणूंचे अवशेषही आहेत. मोडलेले, मुके, तरी पिढ्यान्‌पिढ्या इमानाने नकलले जाणारे. त्यांतल्या एका कुळाच्या दीडशेएक प्रती प्रत्येक माणसात असतात. काही थोड्या माणसांच्या पाठीच्या कण्यात या प्रती जाग्या होतात आणि स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी मरू लागतात. आधी हात जातात, मग जीभ, मग श्वास. ताईचा आजार वेगाने पसरणाऱ्यांपैकी होता. तिच्यापाशी वर्ष होतं, कदाचित तेवढंही नव्हतं.

सहा-सात वर्षांपूर्वी हे बोलणं इथेच संपलं असतं. आता मौनोपचार निघाला होता. शिरेतून एकदाच द्यायचं औषध. त्यातले वाहक पेशीपेशीत जातात, त्या विषाणूकुळाची ओळखीची अक्षरं हुडकतात आणि त्यांना कायमचं कुलूप घालतात. सगळ्या प्रती एकमेकींसारख्याच असल्याने एकीला वगळून दुसरीला गप्प करता येत नाही. केलं तर सगळं कूळच गप्प.

ताईने विचारलं ते बाळाचं. डॉक्टर म्हणाले की वाहक बाळापर्यंत पोचत नाहीत, पण वारेत शिरतात, कारण वार आईच्या रक्तातच बुडालेली असते आणि ती घडते मात्र बाळाच्या पेशींपासून. पण काळजीचं कारण नाही. त्यांनी पडदा ताईकडे वळवला. त्या कुळातल्या प्रत्येक प्रतीपुढे एकच आकडा होता. कार्यांक शून्य.

"काहीच काम नाही त्यांना. ज्याला काम नाही ते गप्प बसलं तर बिघडायचं काय? आणि हा आकडा तुमच्या बहिणीच्याच संस्थेचा आहे," असं म्हणून डॉक्टर चंदनाकडे पाहून हसले. उपचार पुढच्या सोमवारी ठरला.

चंदना हसली नाही.

'काम' या एका शब्दावर तिचं पोट चालत होतं. जीवशास्त्रात या शब्दावरून जुनं भांडण आहे. एक पक्ष म्हणतो, डीएनएचा तुकडा पेशीत काही करताना दिसला, त्याच्यावरून आरएनए निघाला, एखादं प्रथिन येऊन त्याला चिकटलं, की झालं, त्याला काम आहे. या न्यायाने जवळजवळ सगळाच जीनोम कामाचा ठरतो. दुसरा पक्ष म्हणतो, विहिरीवरची मोटर पाणी उपसते, घूं घूं आवाजही करते, तापतेही, आणि थंडीत तिच्या उबेला मांजर येऊन झोपतं. म्हणून मांजराला ऊब देणं हे काही मोटरीचं काम होत नाही. उत्क्रांतीत मोटर बसवणारा कुणी नसतो, पण टिकवणारी निवड असते. जो तुकडा मोडला की त्याचे धनी मागे पडतात, ज्याची मोडतोड निवड गाळून टाकते, त्यालाच काम आहे. बाकीचा नुसता आवाज. या पक्षाच्या हातात एक कांदाही होता. साध्या कांद्याचा जीनोम माणसाच्या पाचपट भरतो. सगळाच मजकूर कामाचा असेल, तर कांद्याला माणसाच्या पाचपट काम कुठलं?

चंदना या दुसऱ्या पक्षातली. कार्यांक काढणारं यंत्र याच लोकांनी बांधलं होतं. ते हजारो प्राण्यांचे जीनोम शेजारी शेजारी ठेवी आणि कुठली अक्षरं कोट्यवधी वर्षं बदलायला तयार नाहीत ते पाही. शंभर म्हणजे त्यावाचून जगणं नाही, शून्य म्हणजे अडगळ. पण अशा तुलनेला काळ जावा लागतो. हे विषाणूकुळ फक्त माणसात आणि चिंपांझीत होतं. इतक्या थोड्या काळात निवडीच्या खुणा वाचता येण्याइतक्या ठळक होत नाहीत. यंत्राने तिथे शून्य लिहिलं होतं ते काम नाही म्हणून नव्हे, काम आहे की नाही हे दिसत नाही म्हणून. संस्थेत हा फरक सगळ्यांना ठाऊक होता. डॉक्टरांच्या पडद्यापर्यंत तो कधी पोचलाच नव्हता.

त्या कुळातली एकच प्रत अजून धड होती. संस्थेच्या यादीत तिचा क्रमांक सातशे बारा. संस्थेत तिला गमतीने सातबारा म्हणत, कारण उतारा हाताशी आहे पण त्यावर मालकाचं नाव नाही. सातबारा शरीरात सगळीकडे गप्प असे. फक्त वारेत, आणि तेही पहिल्या काही महिन्यांत, त्याच्यावरून भराभर आरएनए निघे. नुसता आवाज, असं म्हणून तो सोडून दिला होता. आणि तरीही वारेचा एक पदर बांधणारं दुसरं एक जनुक मुळात कुठल्याशा विषाणूचंच होतं, हे विज्ञानाला कधीचं माहीत होतं. उत्क्रांती भंगारातूनही कामाच्या वस्तू उचलते.

दुसऱ्या दिवशी चंदना संग्रहापुढे बसली. देशातल्या चाळीस लाख माणसांचे जीनोम तिथे होते, नावाशिवाय, फक्त वय आणि जिल्हा लावलेले. सातबारा मोडलेली माणसं त्यांत होती, पाचशेत एक. पण प्रत्येक तुकडा माणसाला दोनदा मिळतो, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. या सगळ्यांचा एक मोडका होता आणि एक धड. दोन्ही मोडके असलेली माणसं किती असावीत हे गणित सोपं आहे. चाळीस लाखांत चार. मामाच्या मुलीशी झालेली लग्नं धरली तर जरा जास्तच.

तिने शोध लावला. एकही माणूस सापडला नाही. शोधाची रीत बदलून पुन्हा पाहिलं, तरी नाही.

चार माणसं असायला हवी होती आणि ती नव्हती. ती आजारी पडून गेली असती तर कुठेतरी नोंदली गेली असती. ती जन्मलीच नव्हती का? कुठल्या तरी चार बायकांना तिसऱ्या महिन्यात रक्त दिसलं असेल, कारण कुणालाच सांगता आलं नसेल, आणि त्या घरी जाऊन पुन्हा स्वयंपाकाला लागल्या असतील. आधीच्या दोन वेळा ताई लागली होती तशी. जन्मालाच न आलेल्यांची मोजणी कोण करणार?

की हा निव्वळ योगायोग? असा शोध शंभर वेळा घेतला तर दोनदा योगायोगानेही शून्य येईल. संस्थेच्या प्रमुखांनी तेच सांगितलं. चार अपेक्षित आणि शून्य सापडले, एवढ्यावर कार्यांक बदलता येत नाही. बहिणीचा प्रश्न आहे म्हणून तुला तसं दिसतंय, असंही ते न दुखावता म्हणाले.

तिने आधी दाजींना गाठलं. अभिनंदन मगदूम तासगावला बेदाण्याचं शीतगृह चालवत. कमी बोलणारा, मोजून पाऊल टाकणारा माणूस. पळसुल्यांच्या दवाखान्याच्या फाटकाबाहेरच्या रसवंतीच्या बाकावर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे औषध दिलं तर बाळ जाणार," ते म्हणाले.

"बहुतेक."

"आणि नाही दिलं तर दोघंही."

"पाचव्या महिन्यापर्यंत थांबलं तर वार बांधून झालेली असेल. मग दिलं तर दोघंही वाचतील, कदाचित. पण तोवर ताईचं जे जाईल ते परत येणार नाही, दाजी. मेलेली मज्जापेशी परत येत नाही."

दाजींनी चंदनापुढे हात जोडले.

"मला सांगितलंस, पुरे झालं. तिला सांगू नकोस. बाळ गेलं तर ती रडेल आणि सावरेल. दोनदा सावरलीय. ती गेली तर मी काय करू, तूच सांग."

चंदनाने मान डोलावली. तिलाही हेच तर हवं होतं. काही करायचं नव्हतं, फक्त गप्प राहायचं होतं. ताई जगेल, हात आहेत तसे राहतील, आणि बाळ गेलं तर पुन्हा कुणालाच कारण सांगता येणार नाही. दोन दिवस ती गप्प राहिली. ताईचे केस विंचरले, तिला मोसंबी सोलून दिली.

सोमवारी सकाळी परिचारिका शीर शोधत होती तेव्हा ताई सहज म्हणाली, "डॉक्टर काय, सांगायचं म्हणून सांगतात. तू स्वतः बघितलंयस ना सगळं? मग मी निर्धास्त आहे."

चंदनाने परिचारिकेला थोडा वेळ बाहेर जायला सांगितलं.

ताईने सगळं ऐकलं. मध्ये एकदा डोळे मिटले, एवढंच. दाजी दारात उभे होते. त्यांनी चंदनाकडे ज्या नजरेने पाहिलं ती तिला पुढे पुष्कळ दिवस पुरली.

"मी चुकत असेन," चंदना घाईघाईने म्हणाली. "योगायोगही असू शकतो."

"कितपत?"

"शंभरात दोन."

"मग तो योगायोगच आहे असं मी कशाच्या जोरावर धरायचं?"

"ताई, तुझे हात जातील. बोलणं जाईल. पाचवा महिना गाठशील याचीसुद्धा खात्री नाही. औषध घे. मी तुला सांगितलं ते तू औषध घ्यावंस म्हणून, समजून उमजून घ्यावंस म्हणून."

"दोनदा गेलं तेव्हा मी रोज विचारायची, माझं काय चुकलं," ताई म्हणाली. "या वेळी उत्तर आधी कळलंय. ते माहीत असताना मी ही सुई टोचून घेऊ?" आणि तिने बाहेर उभ्या असलेल्या परिचारिकेला हाक मारून आज औषध नको म्हणून सांगितलं.

चंदना रजा काढून सांगलीला आली. ताईचा दवाखाना बंद झाला. पहिल्या महिन्यात ताईला गाऊनची बटणं लावता येईनात, दुसऱ्या महिन्यात चमचा तोंडापर्यंत नेता येईना. मग जीभ जड झाली. बोलणं ओळखीचं राहिलं नाही. ती एकेक शब्द दगड उचलावा तसा उचलून ठेवी. आमटीभात मिक्सरमधून काढून भरवावा लागे आणि तरीही तिला ठसका लागे. दाजी हे सगळं करत. चंदनाशी मात्र ते बोलत नव्हते. तिने ताट वाढलं तर जेवत, काही विचारलं तर मान हलवत. एकदाच, ताईला खुर्चीतून उचलताना, ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "शंभरात दोन म्हणे."

दर पंधरवड्याला चंदना ताईचं रक्त काढून पुण्याला पाठवी. वारेतल्या आरएनएचे तुकडे आईच्या रक्तात उतरतात, त्यामुळे सातबारा अजून बोलतो आहे का ते त्यातून कळे. तो गप्प झाला की त्याचं काम संपलं असं धरायचं आणि त्याच दिवशी औषध द्यायचं, असं तिने डॉ. पळसुल्यांशी ठरवलं होतं. गरोदरपणाचा चौथा महिना संपला. सातबारा गप्प झाला नाही. पाचव्या महिन्यात त्याचा आवाज उलट वाढला. चंदनाने आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं की आवाज म्हणजे काम नव्हे, आणि आता ती त्या आवाजालाच कान लावून बसली होती. तो अजून बांधतो आहे म्हणून बोलतो आहे, की मोटर नुसतीच घुमते आहे? हे ओळखायची तिच्यापाशी काहीही रीत नव्हती. ती आंघोळीला गेली की नळ मोठा सोडून रडे.

मग एका दुपारी ताईला आडवं झाल्यावर श्वास पुरेना. पुण्याला नेलं तेव्हा तिच्या फुप्फुसांची ताकद निम्म्याहून खाली आली होती. डॉक्टर म्हणाले, आज नाही दिलं तर पुढे देण्यात अर्थ नाही. सगळ्यांनी चंदनाकडे पाहिलं. शेवटी ताईनेच श्वासाचा मुखवटा बाजूला करायला लावला.

"हलतंय ते," ती म्हणाली. "द्या आता."

औषध दिल्यानंतरचे दिवस तिघांनी बाळाचे ठोके ऐकण्यात काढले. ठोके थांबले नाहीत. आठव्या महिन्यात पोट उघडून मुलगी काढली. लहानशी, पण रडकी आणि धडधाकट. तिचं नाव तीर्था ठेवलं. ताईचा आजार जिथे होता तिथे थांबला. तो एक पाऊल पुढे गेला नाही आणि एक पाऊल मागेही आला नाही. हात मांडीवर ठेवले तिथे राहत. झोपताना मुखवटा लागे. मुलीला कुणीतरी तिच्या कुशीत ठेवावं लागे, आणि तिची मान कलली तर आईने कुणाला तरी हाक मारायची.

चंदना कामावर परतली. संग्रहात दर तिमाहीला नवे जीनोम येत, आणि तिने सातबाऱ्याचा शोध आपोआप चालत राहील असा लावून ठेवला होता. एका सकाळी त्याचं उत्तर आलेलं दिसलं. एक माणूस. गदग जिल्हा, पुरुष, वय एकावन्न, रक्तदान शिबिरात दिलेला नमुना, प्रकृतीची तक्रार नाही. दोन्ही प्रती मोडलेल्या.

तिने तो नमुना पुन्हा वाचायला लावला. उत्तर तेच. हा माणूस सातबाऱ्याशिवाय गर्भात राहिला होता, जन्मला होता, पन्नाशी ओलांडून गेला होता, आणि इतका खणखणीत होता की दुसऱ्याला रक्त देत होता.

चंदना खाली जाऊन गाडीत बसली आणि दार लावायचं विसरून तशीच बसून राहिली. पहिल्याच सोमवारी औषध दिलं असतं तर ताई आज दवाखान्यात कुणाची तरी दाढ भरत असती. मुलगी झाली असतीच. न सांगण्याचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. तिने सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नव्हतं. पण जिच्यापुढे ते शून्य ठेवून तिने हे सगळं घडवलं, तिच्यापासून हा एक लपवायचा, हे तिला जमेना. तिने गाडी सुरू केली ती थेट सांगलीला थांबवली.

घरी तीर्थाच्या आंघोळीची तयारी होती. न्हाऊ घालणारी बाई आली नव्हती. न्हाणीत पाट मांडलेला, बादलीत पाणी काढलेलं, वाटीत तेल आणि दुधात कालवलेलं बेसन. ताई न्हाणीच्या दारात खुर्चीवर होती, मुलीला घेऊन दाजी उभे होते. चंदनाने चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच सांगितलं. एक माणूस सापडला. तो जिवंत आहे, बरा आहे.

दाजींना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी मुलीला चंदनाच्या हातात दिलं, अंगणात गेले, आणि मोटरसायकल चालू झाल्याचा आवाज आला. तो आवाज गल्लीच्या टोकाला जाऊन विरला.

"एकावरून काही सिद्ध होत नाही, ताई," चंदना बोलू लागली, आणि एकदा बोलू लागल्यावर तिला थांबता येईना. चार असायला हवे होते आणि एक सापडला. म्हणजे सातबारा मोडला तर चारांतले तीन जात असतील आणि एक तरत असेल. त्या माणसात दुसऱ्या कुठल्या तरी तुकड्याने त्याचं काम उचललं असेल. काम हे असतं किंवा नसतं असं नाही, थोडं असतं, काही वेळा असतं. तीर्था कदाचित वाचली नसती. कदाचित वाचली असती. अजून नमुने येतील, तेव्हा...

"चंदू," ताई म्हणाली.

चंदना थांबली. ताईचा चेहरा हलत नसे, त्यामुळे तिच्या मनात काय चाललंय ते कळायला आता डोळ्यांखेरीज काही उरलं नव्हतं. आणि डोळे तिने मुलीवर ठेवले होते.

"अर्थ... नको सांगू," ती एकेक शब्द सोडवत म्हणाली. "मला... आता... नको. पाणी निवतंय. तिला घाल."

चंदनाने आयुष्यात कधी बाळाला न्हाऊ घातलं नव्हतं. ती साडीचा काचा मारून पाटावर बसली, पाय लांब केले, तीर्थाला पायांवर पालथं निजवलं. तेलाने मुलीची पाठ माशासारखी निसरडी झाली. पाणी घालायच्या आधीच मुलगी रडायला लागली. चंदनाचे ते धड, पण न सरावलेले हात ताई दारातून डोळा न हलवता पाहत होती. पाठीला बेसन लावून झालं. तिने मुलीला उताणं करायला घेतलं तशी तिची मान एका बाजूला गेली.

"मान," ताई म्हणाली. मग जोर लावून पुन्हा म्हणाली, "मान धर."

चंदनाने तळहात सरकवून मान धरली.